बाबांच्या गाडीची दुसरी चावी

जालना, ४ मे

अंगद,

हे पत्र मच्छिंद्र यांच्या दोन्ही मुलांसाठी आहे. एक लिहितो आहे, दुसऱ्याने वाचावं. आपली दोघांची तक्रार एकच आहे आणि तू ती विसरला असशील असं मला वाटत नाही. बाबांनी गाडीची चावी कधीच आपल्या हातात दिली नाही. बियाण्यांच्या कंपनीची फिरती करत तीस वर्षं त्यांनी ती बुलेट भोकरदनपासून परतूरपर्यंत पळवली. धुवायची आपण, पुसायची आपण, चिखलातून ढकलायची आपण. चावी मात्र त्यांच्या करदोट्याला. आंघोळीला जाताना सुद्धा ती कमरेला असायची. मालकी या विषयावर मी पंचवीस वर्षं कामगारांसमोर बोलतो आहे. पुस्तकं पुष्कळ वाचली, पण मालकी म्हणजे काय ते मला बाबांच्या कमरेकडे बघून आधी कळलं होतं.

बाबांच्या माघारी आता आईने मार्च महिन्यात मला समोर बसवलं आणि चावी माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाली, "भागवता, गाडी अंगदाकडं घेऊन जा. दोघं मिळून चालवा. न्हाईतर भंगारात घाला, मला बघवत न्हाई." दोन चाव्या आहेत हे मला तेव्हा कळलं. दुसरी तिने दाखवली, दिली नाही.

मी जातो म्हणालो. आई शहात्तर वर्षांची आहे, तिला नाही म्हणणं मला जमलं नाही. यात दुसरा काही अर्थ शोधू नकोस.

आणि आठ दिवसांत तुझं पार्सल आलं. आठ वर्षांत तुझा एक फोन नाही, एक ओळ नाही. मी जालना सोडून अंबडलासुद्धा मुक्कामाला जात नाही हे तुला माहीत आहे. मग मी तुझ्या रस्त्याच्या कामापर्यंत, हिमाचलात केलांगला येणार हे तुला कोणी कळवलं? आईला फोन लावता येत नाही. पार्सलमध्ये जाड हातमोजे आणि एकोणीस कलमांची यादी. पत्र नाही. वर "दादा" असा एक शब्द नाही. मालक लोक कारखान्याच्या फळ्यावर सूचना लावतात तशी यादी. यादीच्या माथ्यावर लिहिलंस, "केलांगहून पुढे बारालाचा खिंड, सोळा हजार फूट, मग लेह. दोघांनी."

मी गाडी केलांगपर्यंत आणून देणार होतो. सोळा हजार फुटांवर मला नेण्यात तुझा काय हेतू आहे? मी एकावन्न वर्षांचा माणूस आहे, आयुष्यात राजूरच्या टेकडीपेक्षा उंच गाडी चालवलेली नाही. मी सरळ विचारतो आहे. तू सरळ उत्तर दे.

आठ वर्षांपूर्वी मिलच्या संपाच्या वेळी जे झालं त्यावर मी या पत्रात बोलणार नाही. सभेत मी जे बोललो ते तत्त्वाचं होतं. कोणा एका माणसाबद्दल नव्हतं.

भागवत

जालना, १३ मे

अंगद,

उत्तर नाही. ठीक आहे. मी तुझी यादी समोर ठेवून एकेक कलम तपासतो आहे.

कलम तीन, छातीचा आलेख काढून घेणे. काढला. डॉक्टरने आलेखाकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघितलं. "झोप लागते का? राग फार येतो का?" असे प्रश्न. मी विचारलं, हे हृदयाचे प्रश्न आहेत की घरून कोणी सांगून ठेवलेत? तो हसला. हसण्यासारखं मी काही बोललो नव्हतो.

कलम सात, भांडी घासायचे रबरी हातमोजे, एक जोड. हे वाचून माझं डोकं फिरलं. संपाच्या काळात माझ्या घरी बांगड्या पाठवणारे मालकाचे लोक मी पाहिले आहेत. मला वाटलं, हा तोच प्रकार. मी यादी दैवशालासमोर आपटली. तुझी वहिनी पोटभर हसली. म्हणाली, "अहो, बर्फाचं पाणी जाड मोज्यात शिरलं की बोटं आखडतात. वरून रबरी घातले की पाणी आत जात न्हाई. सोपं आहे."

मी म्हणालो, "तू कधी गेलीस बर्फात?"

ती भाकरी उलटत म्हणाली, "न्हाई गेले. ऐकलं कुठंतरी."

कुठे ऐकलं? घरात बर्फाची माहिती असलेला एकही माणूस येत नाही. तेव्हापासून मी बघतो आहे, फोन आला की ती न्हाणीकडे जाते. मी खोलीत शिरलो की "बरं, ठिवते" म्हणते. मी तिच्या फोनला हात लावणार नाही, माझी काही तत्त्वं आहेत. पण मी आंधळा नाही.

कलम अकरा, क्लचची जादा तार जुन्या तारेला समांतर बांधून ठेवणे. हे मला पटलं. बांधली.

कलम बारा, छातीवर वर्तमानपत्र गुंडाळणे. पटलं. निदान वर्तमानपत्राचा काही उपयोग निघाला.

कलम एकोणीस, जादा चावी सोबत ठेवू नये, ती आधीच माझ्याकडे पाठवून द्यावी.

इथे मी थांबलो. पुन्हा वाचलं. तर हे आहे. हातमोजे, तारा, सोळा हजार फूट हा सगळा शेवटच्या कलमासाठी रचलेला मांडव आहे. मालकाचा करार मी असाच वाचायला शिकलो, शेवटून. वर चार सवलती आणि शेवटी एक ओळ, जी कामगाराचा हात कापून नेते. गाडी मी चालवत आणायची, आणि चावी तुझ्या दारी आधीच पोचलेली असायची. मग मी बसने परत यायचं, होय ना?

आईला मी हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यानं मागितली का? मंग दे."

"आई, त्याच्या मनात काय आहे ते तुला माहीत आहे का?"

"तुझ्या मनात काय आहे ते माहीत आहे मला," असं म्हणून ती कुशीवर वळली.

चावी मी पाठवणार नाही. ती आईकडे आहे आणि तिथेच राहील.

गाडी उद्या बद्रीनाथ मिस्त्रीकडे देतो आहे, एमआयडीसीच्या रस्त्यावर त्याचं गॅरेज आहे, तुला ठाऊक आहेच. इंजिन पूर्ण तपासून द्यायला सांगितलं आहे. पाच दिवस लागतील म्हणतो. पाच दिवस कशाला लागतात, हेही मी विचारलं.

भागवत

जालना, २६ मे

अंगद,

आज माझी जी शोभा झाली ती तुला कळायला हवी, कारण तिच्यामागे कोणाचा तरी हात आहे असा माझा संशय आहे.

गाडी गॅरेजमधून आली. पहिल्याच दिवशी मला जाणवलं, काहीतरी बदललं आहे. सरळ रस्त्यावर चालते, पण अॅक्सिलरेटर पिळला की दम तुटतो. इंजिन तापतं. सायलेन्सरमधून मध्येच फट् असा आवाज येतो. देण्याआधी हे नव्हतं.

आज चतुर्थी. आई म्हणाली, गाडी राजूरला गणपतीसमोर नेल्याशिवाय मी जाऊ देणार नाही. आपल्याकडे नवी गाडी घेतली की आधी राजूर, मग घर, हे तुला सांगायला नको. मी तिला तासभर समजावलं की यंत्राला हार घातल्याने यंत्र सुधारत नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं, लुगडं बदललं आणि येऊन गाडीशेजारी उभी राहिली. शेवटी मी मान्य केलं. पूजेसाठी नाही. तिथे चढ आहे आणि मला चढावर सराव करायचा होता.

देवळाच्या चढाला एवढी गर्दी की पाऊल ठेवायला जागा नाही. मी पहिल्या गिअरवर गाडी घेतली. मागे आई, तिच्या मांडीवर नारळाची पिशवी. निम्म्या चढावर गाडीने श्वास सोडला आणि फाट् फाट् फाट्, अगदी माळ लावल्यासारखी. बाया बाजूला पळाल्या. एक जण ओरडला, "अहो नेते, गणपतीला फटाके लावून राह्यले का?" दुसरा म्हणाला, "भाषण संपलं वाटतं, आता गाडी बोलून राह्यली." सगळे हसले. आईसुद्धा माझ्या पाठीमागे हसत होती, तिचं हसणं मला बरगड्यांत जाणवत होतं.

गाडी बंद पडली. चार अनोळखी पोरांनी आम्हाला वर ढकललं. मी खाली उतरलो नाही. तिथे उतरलो असतो तर हरलो असतो.

पूजा झाली. गुरुजींनी हॅण्डलला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. आईने मला लिंबावरून गाडी काढायला लावली. मी काढली. हे तू कोणाला सांगू नकोस.

पण परत येताना पूर्ण रस्ताभर मी एकच विचार करत होतो. राजूरच्या टेकडीवर जी गाडी मरते, ती सोळा हजार फुटांवर काय करेल? आणि ती अशी व्हावी असं कोणाला वाटतं? गाडी शेवटी कोणाच्या हातात होती? बद्रीनाथच्या. बद्रीनाथ कोणाचा मित्र? तुझा. तुम्ही दोघांनी मिलमध्ये एका भट्टीवर सहा वर्षं काम केलं आहे.

उद्या मी त्याच्याकडे जातो आहे. शिफ्ट सुटायच्या वेळी, साक्षीदारांसमोर.

भागवत

जालना, २७ मे

गेलो. गॅरेजवर नेहमीचे सात-आठ जण होते, शिफ्ट सुटल्यावर चहाला थांबणारे. मी सगळ्यांसमोर विचारलं, "बद्रीनाथ, माझ्या गाडीतलं काय काढलंस?"

तो म्हणाला, "नेते, बसा तर. चहा घ्या."

मी बसलो नाही. मी बोललो. जी यंत्रं माणसाचा जीव वाहतात त्यांच्याशी खेळणाऱ्याबद्दल बोललो, विश्वासाने दिलेल्या वस्तूबद्दल बोललो, कोणाच्या तरी सांगण्यावरून स्वतःचे हात विकणाऱ्यांबद्दल बोललो. वीस मिनिटं. माझा आवाज अजून उतरलेला नाही, हे मला तिथे कळलं.

बद्रीनाथ पाना पुसत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "बराबर आहे. उद्या या. एकटे या."

एकटं का बोलावतो? साक्षीदार नको असतात ते कोणाला? पण जाईन. मी घाबरत नाही.

भागवत

जालना, २९ मे

अंगद,

हे पत्र मी तीनदा फाडलं आहे.

काल गेलो. गॅरेज बंद होतं, बद्रीनाथ पायरीवर बसला होता. त्याने खिशातून आगपेटी काढली आणि माझ्या हातात दिली. आत कागदात गुंडाळलेला पितळेचा एक तुकडा. तांदळाच्या चार दाण्यांएवढा, मध्ये बारीक भोक, त्यावर भिंगाशिवाय न वाचता येणारा आकडा.

"हा तुमच्या कार्बोरेटरचा जुना जेट," तो म्हणाला. "यातून पेट्रोल जातं. मी काढला. याच्यापेक्षा बारीक भोकाचा बसवला."

"का?"

"वर हवा पातळ असती, नेते. पेट्रोल तेवढंच गेलं तर गाडीचा गळा भरतो, काळा धूर मारती, खिंडीत बंद पडती. तिथं बारीक जेट लागतो. इथं मात्र तोच जेट उपाशी मारतो, म्हणून फटाके."

"मग इथेच कशाला बसवलास?"

तो म्हणाला, "जेट अंगदनं पाठवला. तो म्हणला, मनालीत बदलून घ्यायला लावा. मीच म्हणलो, नेते मनालीत कोण्या मिस्त्रीला गाडीला हात लावू देत्याल का? त्याचं खानदान विचारत्याल. मंग इथंच बसवून टाकला. ती माझी चूक झाली. अंगदला माहीत न्हाई."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"अंगद म्हणला, माझं नाव काढू नका. माझं नाव ऐकलं की दादा जेट नालीत फेकील."

मी फेकला असता, अंगद. कालपर्यंत नक्की फेकला असता.

मी म्हणालो, "बद्रीनाथ, काल एवढं बोललो, तू तिथेच का नाही सांगितलंस?"

तो म्हणाला, "तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही सांगत होते."

घरी आलो. दैवशाला ज्वारी निवडत होती. मी आगपेटी तिच्यासमोर ठेवली.

"तुला माहीत होतं?"

"जेटचं? हो. दर रविवारी फोन करतो तो. तुमची तब्येत विचारतो, डॉक्टरला काय सांगायचं तेही त्यानंच सांगितलं. न्हाणीतून बोलून बोलून माझा पाय मुरगळला एकदा."

आणि मग अंगद, मी ते विचारलं जे मला तुला विचारायचं होतं. संपाच्या एकोणिसाव्या दिवशी तू मागच्या गेटने मिलमध्ये गेलास. तुझ्या खांद्यावर पोतं होतं. मी टपरीमागून माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दोन दिवसांनी संप मोडला. पहिल्या पत्रात मी लिहिलं की सभेत कोणा एका माणसाबद्दल बोललो नाही. ते खोटं आहे. मी तुझं नाव घेतलं. "फितूर माझ्याच घरात निघाला" असं म्हणालो, आणि दोन हजार माणसांनी टाळ्या वाजवल्या. तू मागच्या रांगेत उभा होतास हेही मला दिसलं होतं. त्या आठवड्यात तू रस्त्याच्या कामावर निघून गेलास, आणि मी लोकांना सांगितलं की पळाला.

मी दैवशालाला विचारलं, "मागच्या गेटचंही तुला माहीत आहे?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग सांग. काय होतं त्या पोत्यात?"

तिने सूप खाली ठेवलं. म्हणाली, "न्हाई सांगणार. मला काय विचारून राह्यले? साऱ्या जालन्याला तुम्ही भाषणं ऐकवली. पाठच्या भावाला एक प्रश्न विचारला न्हाई. त्याला विचारा, त्याच्या तोंडून ऐका. मी मधी पडणार न्हाई."

मी आईकडे बघितलं. ती झोपेचं सोंग घेऊन पडली होती. तिलाही माहीत आहे. मला वाटतं, बद्रीनाथलाही माहीत आहे. ज्या माणसाने स्वतःला आयुष्यभर जागरूक समजलं, तो सोडून सगळ्यांना माहीत आहे.

मला अजूनही शंका आहे, हे लपवत नाही. कदाचित त्या पोत्यात जे होतं ते ऐकून माझा राग खरा ठरेल. कदाचित नाही. पण आठ वर्षांत मी तुझ्याविरुद्ध पुरावा एकच जमवला, माझ्या दोन डोळ्यांचा, आणि त्याच डोळ्यांनी मी बद्रीनाथला चोर ठरवला.

भागवत

जालना, ११ जून

अंगद,

मागच्या सोमवारी शिफ्ट सुटायच्या वेळी गॅरेजवर गेलो. तेच सात-आठ जण होते याची खात्री केली. एक जण कमी होता, त्याला घरून बोलावून आणलं. मग सगळ्यांसमोर सांगितलं की मी बद्रीनाथवर खोटा आळ घेतला. दोन मिनिटं लागली. एवढं छोटं भाषण मी यापूर्वी केलं नव्हतं. बद्रीनाथ म्हणाला, "नेते, आता तरी चहा घ्या." घेतला.

त्याने जुना जेट परत बसवला आहे. रविवारी आईला घेऊन पुन्हा राजूर चढलो, गाडीने आवाज काढला नाही. चतुर्थीचा तो ओरडणारा भेटला. म्हणाला, "काय नेते, आज गाडी गप्प, तुम्ही बी गप्प?"

तू पाठवलेला बारीक जेट त्याच आगपेटीत आहे, माझ्या शर्टाच्या खिशात. मनालीत मी तो कोणाला बसवू देणार नाही, बद्रीनाथचं बरोबर होतं. तो तू तुझ्या हाताने बसव. मग बारालाचा. सोळा हजार फुटांवर मला नेण्यात तुझा हेतू काय, हे मी आता विचारत नाही. तिथे गेल्यावर दिसेलच.

२१ तारखेला गाडी सचखंड एक्सप्रेसने पार्सल करतो. टाकी रिकामी करून, गोणपाटात बांधून अंबाल्यापर्यंत. मीही त्याच रेल्वेने. तिथून पुढे चालवत. रबरी हातमोजे घेतले आहेत, दैवशालाने स्वतः निवडले, पिवळे. वर्तमानपत्राचे आठ अंक घेतले. त्यांतल्या दोनांत माझे लेख आहेत, ते छातीला बांधीन आणि बर्फाला वाचू देईन.

काल आईकडे दुसरी चावी मागितली. तिने उशाखालून काढली. तिला अजून बाबांच्या करदोट्याचा काळा दोरा बांधलेला आहे, तीस वर्षांच्या घामाने कडक झालेला. तिने तो सोडला नाही, मीही सोडला नाही. चावी या पाकिटात कापडाला शिवून ठेवली आहे. तुझं कलम एकोणीस. का मागितलीस ते मी विचारलं नव्हतं, आताही विचारत नाही. वाटेत माझी हरवली तर गाडी अडू नये म्हणून असेल, किंवा चावी पुन्हा एकाच माणसाच्या कमरेला नसावी म्हणून असेल. काहीही असो, ती तुझी आहे.

मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. २७ जूनला दुपारी चार वाजता मनालीकडून येणाऱ्या बोगद्याच्या केलांगकडच्या तोंडाशी ही चावी हातात घेऊन उभा राहा. मी समोर येऊन थांबेन. हेल्मेट काढणार नाही, म्हणजे मला बोलता येणार नाही. मी ते काढण्याआधी, वाट न बघता, सगळ्यात पहिलं सांग, त्या दिवशी तुझ्या खांद्यावरच्या पोत्यात काय होतं.

तुझा,
दादा